कुलाब्याचे नानाभाई मूस

अहिल्यानगरजवळच्या भिंगारमध्ये राहणाऱ्या मुलांना जमिनीचे थरथरणे तसे नवे नाही. हा लष्करी छावणीचा भाग. चिलखती दलाचे शिक्षण देणारे केंद्र अहिल्यानगरात आहे. रस्त्यावरून एखादे अवजड वाहन गेले की खिडक्यांची तावदाने वाजतात, फळीवरच्या कपबश्या किणकिणतात. वाहन पुढे निघून गेले की सारे शांत होते. कोणी घाबरत नाही, कोणी घराबाहेर धावत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वेगळी होती. चार वाजायला थोडा अवकाश होता. गणेश विसर्जन आटोपून लोक थकून झोपले होते. तेवढ्यात लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली सापडून मरण पावली. हा हादरा मुंबईपर्यंत जाणवला. अहिल्यानगर तर किल्लारीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, म्हणजे मुंबईपेक्षा पुष्कळच जवळ.

उर्दूत ज्याला आपण जलजला म्हणतो, तोच भूकंप. जवळचा भूकंप माणसाला कळतो. पण हजारो किलोमीटर दूर झालेल्या भूकंपानेही आपल्या पायाखालची जमीन किंचित हलते. ते हलणे इतके बारीक असते की कपबशी वाजत नाही आणि झोपलेले तान्हे मूलही जागे होत नाही. ते टिपायला यंत्र लागते, आणि त्या यंत्राची राखण करायला माणूस लागतो. आपल्या राज्यात हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुरू झाले. ते ज्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि वाढले, त्यांचे नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात घेतले. पुढे ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरो विद्यापीठाचे पदवीधर झाले. परत आल्यावर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी विज्ञान शिकवले. इंजिनिअर झालेल्या माणसाला त्या काळी पूल, रस्ते, धरणे बांधण्याच्या मानाच्या नोकऱ्या मिळत. नानाभाई मात्र आधी अध्यापनाकडे आणि नंतर वेधशाळेकडे वळले.

वेधशाळा म्हणजे रसदगाह. आकाश, हवा आणि पृथ्वी यांचे निरीक्षण जेथे नित्यनेमाने केले जाते, ती जागा. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला कुलाब्याची दांडी आहे. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी असे. ताऱ्यांवरून ती वेळ काढणे हे वेधशाळेचे मूळ काम. पुढे १८४१ पासून हवामान आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्याही नोंदी सुरू झाल्या. ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते.

पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यामुळेच होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. पण ही सुई कधीच पूर्ण स्थिर नसते. ती दिवसभर अगदी थोडी इकडेतिकडे सरकत राहते. सूर्यावर मोठी खळबळ झाली तर ती जास्तच हलते. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. कुलाब्याला सुरुवातीच्या काळात या नोंदी डोळ्यांनी घेतल्या जात. मदतनीस दर तासाला यंत्राजवळ जाई, आकडा वाचून वहीत लिही. दिवस असो वा रात्र, हा नेम चुकत नसे. पुढे १८७२ साली छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे आली.

वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स १८९६ साली वारले आणि त्यांच्या जागी नानाभाईंची नेमणूक झाली. या पदावर कायमचे बसणारे ते पहिले भारतीय. इंग्रजांच्या राज्यात असे पद भारतीय माणसाच्या हाती येणे ही साधी गोष्ट नव्हती. वर्ष मात्र वाईट होते. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवी भागातून ती शहरभर पसरली. लाखो लोक घरेदारे सोडून गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. वेधशाळेचे काम असे की ते एक दिवसही थांबवता येत नाही. राहिलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढता येत नाही, कारण कालची हवा आणि कालचे चुंबकत्व आज मोजता येत नाही.

प्लेग चालू असतानाच १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगमधील दगडी इमारती कोसळल्या. दूर कोलकात्यातही घरांचे नुकसान झाले. काही ठिकाणी जमिनीवरचे दगड वर उडाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला. तेव्हा एक विचित्र गोष्ट पुढे आली. भूकंप भारतात झाला, पण त्याच्या दूरवर गेलेल्या लाटा टिपल्या त्या इटली आणि इंग्लंडसारख्या देशांतील यंत्रांनी. भारतात तसे यंत्र एकही नव्हते!

हे यंत्र जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञाने तयार केले होते. मिल्न जपानमध्ये जवळजवळ वीस वर्षे शिकवत होते. जपानात भूकंप नेहमीचेच, त्यामुळे त्यांना त्याच विषयाचा छंद लागला. १८९५ साली ते इंग्लंडला परतले आणि वाइट बेटावरील शाईड या गावी राहू लागले. जगभर ठिकठिकाणी एकाच प्रकारची यंत्रे बसवायची आणि सगळ्यांच्या नोंदी एकत्र करायच्या, अशी त्यांची योजना होती. आसामच्या भूकंपानंतर या योजनेत भारतालाही स्थान मिळाले. १८९८-९९ च्या सुमारास कोलकाता, कोडाईकॅनाल आणि मुंबई या तीन ठिकाणी मिल्न यांची यंत्रे आली. मुंबईचे यंत्र कुलाबा वेधशाळेत बसवले गेले.

हे यंत्र कसे होते? एखाद्या वाड्याचे फाटक नीट ओळंब्यात बसवलेले नसले, तर ते आपोआप सावकाश एका बाजूला जाते आणि तिथे थांबते. जरा धक्का लागला की पुष्कळ वेळ इकडून तिकडे झुलत राहते. मिल्न यांचे यंत्र म्हणजे असेच एक नाजूक फाटक. पक्क्या दगडी खांबाला एक हलकी आडवी दांडी टांगलेली असे. हा झाला आडवा लोलक. जमीन हलली की खांब हले, पण दांडी लगेच हलत नसे. दोघांमधला हा फरक प्रकाशाच्या एका ठिपक्याने सरकत्या छायाचित्राच्या कागदावर उमटे. जमीन शांत असेल तर सरळ रेघ, जमीन हलली तर रेघ फुगलेली. घड्याळ दर तासाला कागदावर खूण करी. ठरावीक दिवसांनी तो कागद काढायचा, रसायनात धुवायचा आणि मग भिंगातून रेघ तपासायची.

खरे सांगायचे तर आजच्या यंत्रांपुढे ते अगदी बाळबोध यंत्र होते. कागद फार हळू सरके, त्यामुळे सेकंदांचा हिशेब नीट लागत नसे. दांडी एकदा झुलू लागली की लवकर थांबत नसे. मग भूकंप किती वेळ चालला आणि दांडी उगाच किती वेळ झुलली, हे सांगणे कठीण होई. म्हणून अशा यंत्राजवळ अनुभवी डोळा लागे.

वेधशाळेला भूकंपाच्या कामात सर्वांत मोठा उपयोग झाला तो तिच्या जुन्या कौशल्याचा, म्हणजे अचूक वेळेचा. भूकंपाची लाट जमिनीच्या पोटातून एका मिनिटात सुमारे पाचशे किलोमीटर जाते. म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकले तर भूकंपाच्या जागेचा अंदाज शेकडो किलोमीटरनी चुकणार. त्यात आणखी एक अडचण होती. त्या काळी साऱ्या भारतात एक वेळ नव्हती. मुंबईची वेळ वेगळी, कोलकात्याची वेगळी, रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालत. आजची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. तीही मुंबईकरांनी पुढे कितीतरी वर्षे मनापासून मानली नाही.

४ एप्रिल १९०५ ची सकाळ घ्या. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात मोठा भूकंप झाला. त्या क्षणी मुंबईच्या घड्याळात ५ वाजून ४१ मिनिटे झाली होती, रेल्वेच्या घड्याळात ६ वाजून ११ मिनिटे आणि कोलकात्याच्या घड्याळात ६ वाजून ४३ मिनिटे. कांगडा, धर्मशाला ही गावे जमीनदोस्त झाली. सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई तेथून दीड हजार किलोमीटर दूर. भूकंपाची पहिली, वेगवान लाट एवढे अंतर तीन-साडेतीन मिनिटांत कापते. दुसरी लाट हळू चालते. तिला जवळजवळ सहा मिनिटे लागतात. या दोन लाटांमध्ये जितके अंतर, तितका भूकंप दूर. आकाशात वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा ऐकू येतो यावरून आपण वीज किती लांब पडली ते ओळखतो, तसाच हा हिशेब आहे. एका वेधशाळेला फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही. तीन वेधशाळांची अंतरे जुळवली म्हणजे जागा सापडते. म्हणूनच कुलाब्याच्या रेघेला कोलकात्याच्या आणि कोडाईकॅनालच्या रेघेची जोड लागे.

कुलाब्याच्या नोंदी नियमितपणे मिल्न यांच्याकडे जात. जगातील इतर ठिकाणांच्या नोंदींबरोबर त्या शाईडच्या परिपत्रकांत छापल्या जात. अशा जगभरच्या रेघा जमू लागल्यामुळेच पृथ्वीच्या पोटात काय आहे, हे माणसाला प्रथम कळू लागले. ज्या ओल्डहॅम यांनी आसामचा भूकंप अभ्यासला, त्यांनीच १९०६ साली दूरच्या भूकंपांच्या लाटांवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. विहीर खणून जे कधीच दिसले नसते, ते हादऱ्यांनी दाखवले.

भूकंपाचे काम असे मार्गी लागत असताना नानाभाईंसमोर वेगळेच संकट उभे राहिले. ते जमिनीखालून आले नाही, रस्त्यावरून आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती. कुलाबा ते पायधुणी हा तिचा एक मार्ग. विसावे शतक उजाडताना ही ट्राम विजेवर चालवायचे ठरले. मुंबईकरांना आनंद झाला. नानाभाईंना मात्र चिंता वाटू लागली. ट्रामला पुरवलेली वीज रुळांतून परत जाते, पण तिचा काही भाग जमिनीत झिरपतो. जिथे वीज वाहते तिथे चुंबकत्व निर्माण होते. ट्राम जवळून गेली की वेधशाळेतील नाजूक चुंबकसुई थरथरणार. ते थरथरणे सूर्यामुळे की ट्राममुळे, हे कोण सांगणार? साठ वर्षांची अखंड नोंद तिथेच निकामी होणार होती.

शहराला ट्राम हवी होती, आणि ते चूक नव्हते. रोज हजारो माणसांना कामावर जायचे होते. म्हणून चुंबकीय यंत्रांसाठी दुसरी जागा शोधण्याचे ठरले. ती जागा मुंबईपासून फार दूर असून चालणार नव्हते, नाहीतर जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसला नसता. बरीच पाहणी करून नानाभाईंनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. कुलाब्याहून ते सुमारे तीस किलोमीटरवर आहे. गंमत अशी की अलिबागच्या समुद्रातील किल्ल्याचे नावही कुलाबा, आणि १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे हे गणितज्ञ नानाभाईंच्या जन्माआधी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम करत होते. अलिबागकरांना हे काम तसे अगदीच परके नव्हते.

आता इमारत बांधायची होती, पण लोखंडाशिवाय! खिळा, बिजागरी, कडी, कोयंडा, काहीही लोखंडी चालणार नव्हते. लोखंड चुंबकाला ओढते. त्याऐवजी तांबे आणि पितळ वापरले गेले. एवढ्याने भागले नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, जो अहिल्यानगरच्या जुन्या भिंतींतही दिसतो, त्यातही लोहाचे चुंबकीय कण असतात. म्हणून गुजरातेतील पोरबंदरचा फिकट रंगाचा दगड आणला गेला. यंत्रांच्या खोलीतील उष्णता दिवसभरात बदलू नये म्हणून खोलीच्या आत खोली केली. इंजिनिअरिंग शिकलेल्या नानाभाईंचे ते शिक्षण इथे कामी आले.

१९०४ साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. दुसऱ्या कोणी तेव्हाच कुलाब्याची चुंबकीय यंत्रे बंद केली असती. नानाभाईंनी तसे केले नाही. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. कर्मचारी थोडे आणि काम दुप्पट. पण या दोन वर्षांमुळे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांतील फरक नेमका कळला. जुन्या रेघेला नवी रेघ जोडता आली. मग कुलाब्याची चुंबकीय यंत्रे थांबली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. ती ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

यानंतर नानाभाईंनी सर्वांत मोठे काम हाती घेतले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील कुलाब्याच्या सर्व चुंबकीय नोंदी त्यांनी तपासल्या, त्यांची सरासरी काढली, त्यांतील वादळे वेगळी केली. तेव्हा संगणक नव्हते. बेरीज, वजाबाकी, भागाकार सगळे हातानेच. १९१० साली हे काम दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाले. पुष्कळ वादळे एकत्र मांडली की त्या सर्वांचा एक ठरावीक आकार दिसतो, हे त्यांनी दाखवले. पुढे सिडनी चॅपमन या नामवंत इंग्रज शास्त्रज्ञाने चुंबकीय वादळांचा जो अभ्यास केला, त्याला नानाभाईंच्या या कामाचा आधार झाला. आज हे खंड उघडले तर पानोपानी नुसते आकडे दिसतात. वाचायला बसणाऱ्याला कंटाळा येईल, हे कबूल करायला हवे.

पण अशा आकड्यांची गरज कधी लागेल ते सांगता येत नाही. नानाभाईंचा जन्म झाला त्याच वर्षी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, सूर्यामुळे फार मोठे चुंबकीय वादळ झाले होते. कुलाब्याच्या मदतनिसांनी त्या दिवशी तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी आकडे लिहून घेतले होते. २००३ साली अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी कुलाब्याचे ते जुने आकडे पुन्हा काढले. त्यांवरून ते वादळ किती भयंकर होते याचा अंदाज बांधता आला. तसे वादळ आज झाले तर वीजपुरवठा आणि उपग्रह यांचे काय होईल, याचा विचार करताना शास्त्रज्ञ त्या आकड्यांकडे वळतात.

चुंबकीय यंत्रे अलिबागला गेली, तरी भूकंपाचे यंत्र कुलाब्यातच राहिले. ट्रामच्या विजेने लोलकाचे काही बिघडत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ चा भूकंप, इटलीतील मेसिना शहर उद्ध्वस्त करणारा १९०८ चा भूकंप, असे मोठमोठे हादरे नानाभाईंच्या कारकिर्दीत झाले. एका दमट, अंधाऱ्या खोलीतील ती रेघ हजारो मैलांवरची बातमी आणत होती. गाव कोणते, माणसे किती, हे ती रेघ सांगत नसे. ते तारेने किंवा वर्तमानपत्राने नंतर कळे.

१९१९ साली नानाभाई निवृत्त झाले. त्यांच्यानंतर काही वर्षांनी सुधांशु कुमार बॅनर्जी कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. पावसाळ्यात आणि समुद्रात वादळ असताना भूकंपाच्या यंत्रावरील रेघ सतत बारीक थरथरते, हे त्यांच्या लक्षात आले. भूकंप नसताना रेघ का थरथरावी? समुद्राच्या लाटांमुळे जमीनही हलते, आणि त्यावरून दूरच्या वादळाची चाहूल लागू शकते, याचा अभ्यास त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केला. मुंबईत भूकंपासाठी सुरू झालेले काम असे वादळाच्याही उपयोगी पडले.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळला मोठा भूकंप झाला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर कोसळले. तेव्हा नानाभाई म्हातारे झाले होते, आणि वेधशाळा सोडून त्यांना पंधरा वर्षे उलटली होती. त्यानंतरच्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्यांचे निधन झाले. कुलाब्यात भूकंपाच्या नोंदी ठेवणे चालूच राहिले.